परवान्याचे शस्त्र अंगावर बाळगताना

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर बगरू हे गाव लागते. हातठशांच्या छपाईसाठी ते देशभर ओळखले जाते. मराठी माणसाला या गावाची आणखी एक ओळख असायला हरकत नाही. १७४८ च्या ऑगस्टमध्ये येथे मोठी लढाई झाली. जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंह आणि माधोसिंह हे सावत्र भाऊ भांडत होते आणि माधोसिंहाच्या बाजूने मल्हारराव होळकर आपली फौज घेऊन उतरले होते. त्या काळचा राजपूत सरदार काय किंवा मराठा सरदार काय, अंगरख्यावर शेला आवळायचा आणि त्यात कट्यार खोवायची, हा त्याचा रोजचा पोशाख होता. जयपूरच्या सिटी पॅलेसमधील शस्त्रांचे दालन पाहिलेत, तर पिस्तूल जोडलेल्या कट्यारीही तेथे दिसतात. शस्त्र आणि ते अंगावर धरून ठेवणारे कापड यांचा विचार तेव्हा एकत्रच केला जाई.

आज शेला गेला, कट्यारही गेली. परंतु रोख रकमेचा व्यवहार करणारे सराफ, कापडाचे व्यापारी, पेट्रोलपंपाचे मालक किंवा जिवाला धोका असलेली मंडळी रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगतात. गाव बगरू असो, नाहीतर जळगाव किंवा इचलकरंजी. परवान्यासाठी हा माणूस महिनोन्महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. शस्त्रावर लाखभर रुपये खर्च करतो. मात्र ते अंगावर कसे बाळगायचे याचा विचार करायला त्याला पाच मिनिटेही मिळत नाहीत. दुकानदार समोर ठेवील ते कातडी पाकीट तो उचलतो आणि घरी येतो.

मग जे व्हायचे तेच होते. पहिला आठवडा शस्त्र कमरेला असते. ते कुशीला टोचते, पट्टा ओघळतो, सदरा वर चढतो. दुसऱ्या आठवड्यात ते मोटारीच्या खणात जाते. तिसऱ्या आठवड्यात गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, उशीखाली किंवा खुंटीवरच्या कोटाच्या खिशात. अंगाला खुपणारे शस्त्र माणूस काढून ठेवतो आणि जेथे ते निष्काळजीपणे काढून ठेवले जाते, तेथेच बहुधा घात होतो. म्हणून पाकीट आरामशीर असणे ही चैन नव्हे. घरातल्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेशी तिचा थेट संबंध आहे.

अभिनेते गोविंदा यांचा अपघात वाचकांना आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे ते मुंबईतील आपल्या घरी कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी सुटून त्यांच्या पायात शिरली, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. त्यांना रुग्णालयात दाखल करून गोळी काढावी लागली. जिवावरचे पायावर निभावले म्हणायचे.

कायदाच सांगतो, झाकून बाळगा

अमेरिकेत शस्त्र उघडे बाळगावे की झाकून, यावर राज्याराज्यांत वेगवेगळे नियम आहेत. आपल्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ मध्ये जे नवे नियम झाले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला जोडलेल्या पाकिटात, म्हणजे ज्याला सर्वजण होल्स्टर म्हणतात त्यात, नाहीतर पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनात असले पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. शस्त्र मिरवणे, परजणे यास सक्त मनाई आहे. नियम मोडला तर परवाना रद्द होऊन शस्त्र जप्त होऊ शकते.

नुसत्या पायजम्याच्या नाडीत खोवलेले रिव्हॉल्व्हर या नियमात कोठेच बसत नाही. मुठीचा चमकता भाग मुद्दाम दिसेल असा सदरा मागे सारून लग्नात फिरणारे महाशयही नाहीत! २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर वरातीत बेदरकारपणे हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे, एका जिल्ह्याचा, राज्याचा की सबंध देशाचा, हेही त्याच्यावर लिहिलेले असते. ते न वाचताच प्रवासाला निघणारे कमी नाहीत.

पाकिटाचे पहिले काम

लोक पाकीट निवडताना आधी ते दिसते किती, हे पाहतात. पहायचे असते ते दुसरेच. पाकिटाचे पहिले काम म्हणजे चाप झाकणे. चापाभोवतीचे कडे संपूर्णपणे पाकिटाच्या आत गेले पाहिजे आणि तेथील कातडे किंवा प्लास्टिक इतके कडक हवे, की बाहेरून अंगठ्याने दाबले तरी चापाला स्पर्श होऊ नये. बाजारात मिळणारी मऊ नायलॉनची, कोणत्याही शस्त्राला चालतील अशी सांगून विकली जाणारी पाकिटे नेमकी येथेच नापास होतात. सर्वांना बसणारे पाकीट कोणालाच धड बसत नाही, हे चपलांच्या बाबतीत आपल्याला कळते, पण येथे कळत नाही.

दुसरे काम धरून ठेवण्याचे. शस्त्र पूर्ण रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, ते पाकिटात घालावे आणि गादीवर पाकीट उलटे धरून हलवावे. शस्त्र खाली पडले तर ते पाकीट बाद. वरून अंगठ्याने उघडणारी बटणाची पट्टी असेल तर उत्तमच. जिना चढताना, स्कूटरवरून उतरताना, वाकून बुटाची नाडी बांधताना तिचा उपयोग कळतो.

तिसरे म्हणजे पाकिटाचे तोंड. शस्त्र बाहेर काढल्यावर तोंड मिटून जाणारे पाकीट असेल, तर शस्त्र परत घालताना माणूस नळीनेच ते उघडू पाहतो. त्यात सदऱ्याचे टोक किंवा नाडी आत सरकते आणि चापात अडकते. म्हणून तोंडाशी कडक पट्टी शिवलेली असावी. आणि शस्त्र परत घालण्याची घाई कधीच नसते. खाली पाहून, कापड बाजूला सारून, सावकाश घालावे.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळणारी शस्त्रे बहुधा .३२ बोअरची असतात, कारण .३८ किंवा ९ मिलिमीटरसारखे बोअर निषिद्ध वर्गात मोडतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ चे रिव्हॉल्व्हर वजनाला सुमारे ७०० ग्रॅम भरते. हे वजन ऐकायला थोडे वाटते. पण अर्धा किलो साखरेच्या पुड्यावर आणखी एक पावशेराचा पुडा बांधून तो सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत एकाच कुशीला लटकवून पहा! तेव्हा पाकिटाइतकाच पट्टा महत्त्वाचा ठरतो. पँटला शोभा म्हणून लावलेला पातळ पट्टा या वजनाने पिळवटतो आणि शस्त्र बाहेरच्या बाजूला कलते. मग सदऱ्याखाली उंचवटा दिसू लागतो. दीड इंच रुंदीचा, दुहेरी कातड्याचा, आडवा धरला तर लोंबून न पडणारा पट्टा घ्यावा. पाकीट बदलण्याआधी पट्टा बदलून पहा, असा माझा तरी सल्ला आहे. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

आपले बसणे खुर्चीवरचे नव्हे

परदेशी मासिकांतून या विषयावर पुष्कळ लिहिले जाते. पण ते लिहिणारा माणूस खुर्चीवर आणि मोटारीत बसणारा असतो. आपला व्यापारी गादीवर मांडी घालून बसतो. घरी पाटावर जेवतो. देवळात शिरताना चपला काढतो. शौचास उकिडवा बसतो. परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलला, तर येथे फसगत होते ती यामुळे.

बेंबीजवळ बारा वाजले असे धरले तर उजवी कूस म्हणजे तीनची जागा. उजव्या हाताच्या माणसाला तीन आणि चार यांच्यामधली, म्हणजे हाडाच्या किंचित मागची जागा बहुधा सोयीची पडते. तेथे शरीराला नैसर्गिक खोलगटपणा असतो, त्यामुळे शस्त्र दडतेही चांगले. फक्त मांडी घालून बसल्यावर पाकिटाचे खालचे टोक मांडीच्या मुळाशी रुतते. यावर उपाय म्हणजे आखूड नळीचे शस्त्र आणि पट्ट्यावर जरा उंच बसणारे पाकीट. फार उंच घेतले तर मूठ बरगडीला लागते. तेव्हा घरी रिकामे शस्त्र लावून गादीवर तासभर बसून पाहणे हाच खरा उपाय.

पँटच्या आतल्या बाजूला बसणारे पाकीट अधिक चांगले दडते. पण त्यासाठी पँट कमरेत एक-दोन इंच सैल शिवून घ्यावी लागते आणि त्वचेला लागणाऱ्या बाजूस कातड्याचा पडदा असावा लागतो. नाहीतर घामाने कातडी सोलवटते. पोटासमोर लावण्याची पद्धत परदेशात बरीच चालते. ज्यांचे पोट सुटले आहे आणि ज्यांना दिवसातून दहादा वाकावे लागते, त्यांनी तिच्या नादी लागू नये. त्या जागी नळीचे तोंड मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे रोखलेले असते, हेही विसरू नये.

खांद्याला अडकवायचे पाकीट वजन दोन्ही खांद्यांवर वाटून देते. मोटार चालवणाऱ्याला आणि गादीवर बसणाऱ्याला ते खरोखर सुखाचे. मात्र त्यावर बंडी किंवा कोट लागतो. राजस्थानात किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीत हे जमेल. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला असता बंडी घालून बसलेला माणूस लपण्याऐवजी उठूनच दिसेल! घोट्याला बांधायचे पाकीट सिनेमात छान दिसते. पण आपल्याकडे देवळात, दुकानाच्या गादीवर, नातेवाइकांच्या घरी पादत्राणे काढून बसावे लागते. बसल्यावर पँट वर सरकते आणि सगळे उघडे पडते.

धोतर किंवा पायजमा घालणाऱ्यांचे काय? नाडीला ७०० ग्रॅम पेलत नाहीत. पूर्वी व्यापारी पैशांचा कसा कमरेला आतून बांधीत. त्याच धर्तीचा लवचिक पोटपट्टा आता मिळतो. तो सदऱ्याच्या आत, नाडीच्या वर बांधता येतो. फक्त त्याचे कापड मऊ असते, म्हणून चाप झाकणारे कडक कवच त्यात बसवलेले आहे ना, हे पाहूनच घ्यावे. कुडत्याच्या खिशात रिव्हॉल्व्हर टाकणे अजिबात नको. ते प्रत्येक पावलाला झोके खाते आणि त्याच खिशातल्या किल्ल्या चापाशी खेळतात.

एक अवघड गोष्टही सांगून टाकायला हवी. शौचालयात गेल्यावर पट्टा सैल होतो आणि शस्त्र खाली पडण्याचा धोका असतो. म्हणून कित्येकजण ते काढून कोनाड्यात किंवा टाकीवर ठेवतात आणि विसरून येतात. पाकिटातून शस्त्र काढूच नये. पाकीट चिमट्याने अडकवण्याऐवजी पट्टा आरपार जाईल अशा दोन घरांचे असावे, म्हणजे ते कपड्यासोबतच राहते.

कापड, घाम आणि गंज

आता कापडाकडे वळू. पांढरा, पातळ, अंगाला चिकटणारा टेरिकॉटचा सदरा शस्त्राची रेघ न् रेघ दाखवतो. सैल सुती कापड, त्यातही ठशांची दाट नक्षी असलेले गडद कापड ती रेघ मोडून टाकते. नजर नक्षीवर फिरत राहते आणि खालचा उंचवटा लक्षात येत नाही. बगरूची डाबू छपाई, म्हणजे चिखलाचा लेप देऊन नंतर निळीत बुडवलेले कापड, या कामाला फारच उत्तम. ज्याला सर्वसाधारण कपड्यांत वावरायचे आहे, त्याने असे दोन सैल कुडते जवळ ठेवावेत. सदरा पँटच्या बाहेर, आणि हात वर केला तरी पाकीट उघडे पडणार नाही एवढा लांब हवा.

बगरूचे छीपे काळा रंग करण्यासाठी लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात मुरवत ठेवतात. त्यांना लोखंड असे खाल्ले जायला हवेच असते! शस्त्र बाळगणाऱ्याला मात्र याच गोष्टीची धास्ती. घामातले मीठ रात्रभरात पोलादावर डाग पाडते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात तर घाम न येताही पडते. अंगाला लागणारी बाजू रोज रात्री मऊ फडक्याने पुसून तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा. तेल चोपडू नये, त्यावर धूळ बसते आणि राजस्थानात धुळीला तोटा नाही.

कातडे ओलावा धरून ठेवते, म्हणून कपाटात ठेवताना शस्त्र कातडी पाकिटात ठेवू नये. पाकीट वेगळे, हवेशीर ठेवावे. उन्हात वाळवले तर ते तडकते. कडक प्लास्टिकच्या पाकिटाला घामाचे भय नसते, मात्र ते टोचते आणि त्यात वाळूचे कण अडकले तर शस्त्रावर ओरखडे उठतात. रोज दहा तास बाळगणाऱ्यास मी चांगल्या जाड कातड्याचे सुचवीन.

चांगला मोची असे पाकीट शिवून देऊ शकतो, फक्त मापासाठी शस्त्र त्याच्याकडे ठेवून येऊ नका. परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नव्हे. त्याच मापाचा लाकडी नमुना सुताराकडून करून घ्यावा आणि मोच्याने ओले कातडे त्यावर दाबून घडवावे.

रिव्हॉल्व्हर जुने असेल तर आणखी एक काळजी. काही जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागचा घोडा थेट काडतुसावर टेकतो. ते पडले आणि घोड्यावर आपटले तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. अशा शस्त्रात घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची पूर्वापार रीत आहे. आपले शस्त्र कोणत्या घडणीचे आहे, हे परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून तपासून घ्यावे. वडिलांकडून वारशाने आलेले असेल तर नक्कीच.

बायकांच्या पर्समध्ये

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर ते खास स्त्रियांसाठी म्हणून पुढे करण्यात आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे. किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि पेटी मरून रंगाची, दागिन्यांच्या डब्यासारखी. त्या पेटीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तच होती. पेटीपेक्षा अवघड प्रश्न होता तो हा, की साडी नेसलेल्या बाईने हे अर्धा किलोचे शस्त्र बाळगायचे कोठे? परकराची नाडी ते पेलत नाही. उरते ती पर्स.

आणि पर्स हीच सर्वांत धोक्याची जागा आहे. पर्स हिसकावली जाते. ती खुर्चीवर, सोफ्यावर, दुकानाच्या काउंटरवर ठेवली जाते. आणि आईच्या पर्समध्ये चॉकलेट शोधणे हा तर मुलांचा हक्कच. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका मोठ्या दुकानात सामान घ्यायला आलेल्या तरुण आईची पर्स ट्रॉलीत होती आणि शेजारी तिचा दोन वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने पर्सची चेन उघडून पिस्तूल काढले आणि गोळी सुटली. आई जागच्या जागी गेली. तिच्याकडे परवाना होता, पर्सही शस्त्रासाठी मुद्दाम कप्पा केलेली होती.

म्हणून ज्या घरात लहान मूल आहे, तेथील स्त्रीने पर्सचा मार्ग न धरलेलाच बरा. सलवार-कुडता घालणाऱ्यांना कवच बसवलेला पोटपट्टा वापरता येतो आणि शस्त्र सतत अंगावर राहते. पर्सच वापरायची वेळ आली, तर शस्त्राचा कप्पा वेगळा आणि कुलपाचा हवा, आत कडक पाकीट शिवलेले हवे, त्या कप्प्यात दुसरी टाचणीसुद्धा नको. पट्टा खांद्यावरून तिरपा घ्यावा आणि पर्स अंगावरून उतरवू नये.

उंबरठ्याच्या आत

घरी आल्यावर शस्त्र कोठे जाते, हे पाकीट विकत घेण्यापूर्वीच ठरवले पाहिजे. भिंतीत किंवा जमिनीत पक्की केलेली छोटी लोखंडी तिजोरी हवी. शस्त्र एका जागी, काडतुसे दुसऱ्या जागी, आणि किल्ली देव्हाऱ्यात नव्हे! घरातल्या मुलांना किल्ल्यांची प्रत्येक जागा ठाऊक असते. गोळ्या काढण्याचे काम रोज एकाच ठिकाणी, एकट्याने, भिंतीकडे तोंड करून, फोन बाजूला ठेवून करावे. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढावे आणि मगच नळीतली गोळी काढावी. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली नवी गोळी नळीत चढते आणि माणूस शस्त्र रिकामे समजून बसतो. घाईने, निघायच्या गडबडीत यातले काहीही करू नये.

नवे पाकीट घेतल्यावर पहिला आठवडा रिकामे शस्त्र लावून घरातच वावरावे. जेवावे, जिना चढावे, मुलाला उचलून घ्यावे. कोठे टोचते, कोठे सरकते ते घरच्यांना विचारावे, कारण मागून काय दिसते हे पत्नीला आधी कळते. तिला हे शस्त्र घरात नकोच असेल, तर ते ऐकण्याचीही हीच वेळ आहे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. ज्यांना खरोखर धोका आहे अशांना छाननीनंतर सूट मिळते. जमा करताना पावती घ्यावी आणि तिची एक प्रत काढून परवान्यासोबत ठेवावी. शस्त्राबरोबर पाकीट देऊ नये, ते घरी आणावे. ते दिवस पाकिटाची शिवण उसवली आहे का, बटण सैल झाले आहे का हे पाहण्यास आणि कातडे ओल्या फडक्याने पुसून, सावलीत सुकवून, त्याला मेणाचा हात देण्यास सोयीचे असतात.